दाजी आणि बुजवलेला थर

संथ माणसाचा मला राग येतो, हे आधीच सांगून टाकतो. आणि माझ्या वाट्याला बहिणीचा नवरा आला तो मुलखाचा संथ. दाजी जेवायला बसले की बाकीच्यांची ताटं धुऊन कपाटात जातात, तरी यांचं ताट अर्धंच संपलेलं असतं. रस्ता ओलांडताना उजवीकडे, डावीकडे, पुन्हा उजवीकडे बघणार, आणि रिकाम्या रस्त्यावरही हाच कार्यक्रम. ताईचं लग्न ठरत होतं तेव्हा मी तिला म्हणालो होतो, "नीट विचार कर, हा माणूस हो म्हणायलाच चार दिवस लावेल." ती म्हणाली, "चार नाही, आठ लावले. पण एकदा म्हणाले ते म्हणाले."

त्यात आम्ही दोघं एकाच रिगवर. जुन्या तेलविहिरी दुरुस्त करणं हे आमचं काम. विहीर म्हणजे पोहरा सोडायची नव्हे, तर जमिनीत खूप खोल गेलेला, दोन तळहात मावतील एवढ्या तोंडाचा लोखंडी नळ. त्या नळाला केसिंग म्हणतात. दाजी ड्रिलर, म्हणजे पाइप वर-खाली करणाऱ्या यंत्राच्या ब्रेकवर ज्याचा हात असतो तो. मी मडवाला. मड म्हणजे जड, दाट चिखल. तो विहिरीत काठोकाठ भरून ठेवायचा, म्हणजे त्याच्या वजनाखाली खालचा वायू गपगुमान पडून राहतो. मी त्यांना दाजी म्हणतो हे ऐकून महिन्याभरात सगळी रिगच त्यांना दाजी म्हणायला लागली. त्या हिशेबाने सगळे गडी माझ्या बहिणीचे भाऊ झाले. ताईला हे सांगितलं तर म्हणाली, "एक होता तेवढा पुरे होता मला."

दाजी इतके सावकाश का, हे रिगवर प्रत्येकाला ठाऊक होतं, निदान ठाऊक आहे असं आम्हाला वाटत होतं.

त्यांचे थोरले भाऊ, म्हणजे दादा, हेही ड्रिलरच. दाजींना कामाला लावलं तेही त्यांनीच. दाजी तेव्हा खाली फ्लोअरवर, वर आलेले पाइप सोडवायच्या कामाला होते. एका विहिरीत वायूचा थर उघडला आणि आतली गन बाहेर काढायला दादांनी पाइप ओढायला घेतले. गन म्हणजे बंदूक नव्हे. ती बारूद भरलेली लांब नळी असते. खाली सोडून उडवली की केसिंगला आणि त्यामागच्या सिमेंटला भोकं पाडते, म्हणजे थर विहिरीत उघडतो. ही गन वर ओढताना वायू तिच्यामागोमाग वर आला आणि त्याने पेट घेतला. दादा गेले. वर मचाणावर उभा असलेला एक गडीही गेला. दाजी भाजले, पण वाचले. आग विझल्यावर तो थर सिमेंट भरून कायमचा बुजवला आणि त्याच विहिरीतून खालच्या थरातलं तेल काढायला सुरुवात झाली.

चौकशी बसली. हातापायाला पट्ट्या बांधलेल्या दाजींना खुर्चीत बसवून विचारलं, "तुमचा भाऊ त्या दिवशी घाईत होता का?" दाजी म्हणाले, "हो, घाईत होता." झालं. पाइप भरभर ओढला की विहीर खालचा वायू ओढून घेते, हे आमच्यात सगळ्यांना माहीत असतं, आणि घाईतला ड्रिलर भरभरच ओढणार. अहवालात "ड्रिलरची घाई" असं कारण लागलं आणि दादांच्या नावाला ते चिकटलं ते चिकटलंच. मचाणावरच्या गड्याच्या घरच्यांनी वहिनींचं, म्हणजे दादांच्या बायकोचं, तोंड बघणं सोडलं. दादांचा मुलगा तेव्हा तान्हा होता. तो वसाहतीत "घाईवाल्याचं पोर" म्हणून वाढला, आणि पंख फुटल्याबरोबर दुसऱ्या शहरात निघून गेला. काकाशी तो बोलत नाही. त्याच्या बापाविरुद्ध साक्ष देणारा काका, बोलणार तरी काय?

वहिनी मात्र तिथेच राहिल्या, दाजींच्याच घरात, खालच्या खोलीत. शिवणाचं मशीन चालवतात, शाळेचे गणवेश शिवतात. ताईशी त्यांचं सख्ख्या बहिणीसारखं. दाजींशी मात्र गरजेपुरतंच, मान राखून. पाणी आलंय, दार लावून घ्या, तुमचा माणूस येऊन गेला. इतकी वर्षं एका छताखाली राहून याच्या पलीकडे शब्द नाही. दाजीही मान खाली घालून हो म्हणतात आणि जिना चढतात.

अशात हुकूम आला. त्या विहिरीतलं तेल संपलं होतं, आता नुसतं खारं पाणी येत होतं. वायूला मात्र भाव आला होता. तेव्हा खालचा भाग बंद करून तो बुजवलेला थर पुन्हा उघडायचा होता, आणि काम आमच्या रिगला मिळालं.

ताईने त्या दिवशी घर डोक्यावर घेतलं. "नाही म्हणून सांगा. रजा टाका. आजारी पडा. दुसरा ड्रिलर नाही का कुणी? हा बघा, हा पण बसलाय मूग गिळून." हा म्हणजे मी.

"नका जाऊ, दाजी," मी म्हणालो. "त्या विहिरीचं आणि तुमच्या घराचं जुळत नाही."

दाजींनी नेहमीसारखा वेळ घेतला. मग म्हणाले, "मला तिथे हळू ओढून बघायचंय."

"म्हणजे?"

"तोच थर, तीच विहीर. मी माझ्या पद्धतीने हळू ओढतो. काही झालं नाही, तर दादाची घाईच नडली हे नक्की. मग मी बोललो ते बरोबर बोललो, एवढं तरी मला कळेल."

"आणि झालं तर?" ताईने विचारलं.

दाजींनी दाराकडे पाहिलं. वहिनी शिवलेले कपडे द्यायला वर आल्या होत्या, त्या दाराशीच उभ्या होत्या. त्यांनी किती ऐकलं देव जाणे. कपड्यांचा गठ्ठा खुर्चीवर ठेवून त्या खाली निघून गेल्या.

पूर्वी ती विहीर ओसाड माळावर होती म्हणतात. आता कुंपणाला खेटून घरं उभी राहिली आहेत. गच्चीवर वाळत घातलेले कपडे, पाण्याच्या काळ्या टाक्या, खिडकीत बसलेलं मांजर, सगळं रिगवरून दिसतं. कामाच्या दिवशी घरोघर सांगून आले होते की गॅस पेटवू नका, खिडक्या लावा, भोंगा वाजला तर वाऱ्याच्या उलट दिशेने चालू लागा. लोकांनी खिडक्या लावल्या आणि गच्चीवर येऊन बसले.

सकाळी सगळ्यांना एकत्र उभं करून मॅडम बोलल्या. मॅडम म्हणजे आमच्या इंजिनियर. वयाने माझ्या पुतणीएवढ्या, पण कामात चोख. मी कुणाच्याही तोंडाला लागतो, त्यांच्या लागत नाही. त्यांनी गन कशी जाणार, कधी उडणार, वायू आला तर कुणी कुठे पळायचं आणि कुणी पळायचं नाही, हे सगळं समजावलं. मग म्हणाल्या, "मागच्या वेळी इथे दोन माणसं गेली. ड्रिलरने घाईने पाइप ओढले म्हणून. ती चूक पुन्हा नको."

एकाएकी सगळ्यांना आपापले बूट फार बघण्यासारखे वाटू लागले. आमच्यातला काडीसारखा एक गडी आहे, त्याला आम्ही पैलवान म्हणतो. तो उगाच खोकला. मॅडमना नात्याचं काही माहीत नव्हतं, त्यांची चूक नाही. माझी मात्र कानशिलं तापली.

"सावकाश ओढू, मॅडम," दाजी म्हणाले, आणि ब्रेकवर जाऊन उभे राहिले.

गन खाली गेली. विहिरीच्या तोंडावर बीओपी बसवलेला होता. तो म्हणजे लोखंडी जबडा. खालून काही उसळलं तर तो पाइपाभोवती आवळून मिटवायचा. मॅडमनी इशारा केला आणि गन उडवली. मोठा आवाज होत नाही. पाइपावर ठेवलेल्या हाताला झिणझिणी आली, एवढंच. इतक्या वर्षांनी त्या थराला वाट मिळाली.

मग पंप बंद करून बघायचं. हा आमच्याकडचा सर्वांत वाईट वेळ. इंजिन मंदावतं, कुणी बोलत नाही, आणि सगळे विहिरीच्या तोंडातल्या चिखलाकडे टक लावून बघतात. पंप बंद असताना चिखल आपोआप वर येऊन वाहू लागला, तर खालून कुणीतरी ढकलतंय. आम्ही बघत राहिलो. चिखल हलला नाही. मॅडमनी अजून थांबायला लावलं, तरी हलला नाही. थर उघडला होता आणि माझा मड त्याला दाबून बसला होता. पैलवान हसला. मलाही हसू आलं असतं, पण दाजींच्या चेहऱ्याकडे बघून ते तिथेच राहिलं. पुढचं काम तेच होतं, ज्यात दादा गेले.

दाजींनी पहिला पाइप ओढायला घेतला.

त्यांचं काम मी आयुष्यभर पाहिलंय आणि आयुष्यभर मनातल्या मनात शिव्या घातल्यात. त्या दिवशी ते रोजच्यापेक्षाही हळू ओढत होते. पाइप वर सरकतोय की नाही हे कळायला त्याच्यावरच्या ओल्या डागाकडे बघावं लागत होतं. एक बाहेर आला, गड्यांनी सोडवून उभा केला. दुसरा आला.

मी माझ्या टाकीपाशी होतो. ही टाकी लहान असते आणि फक्त याच कामाची. काठोकाठ भरलेल्या पेल्यात बोट बुडवून बाहेर काढलं तर पाणी तेवढं खाली जातं. तसाच पाइप बाहेर निघाला की विहिरीतला चिखल खाली जातो, आणि तेवढाच या टाकीतून आत भरावा लागतो. किती पाइप निघाल्यावर विहीर किती पिणार हे ठरलेलं असतं. टाकीला बाहेर एक तरंगता काटा असतो, तो तेवढा उतरला पाहिजे. दादांच्या काळी अशी टाकी नव्हती. अंदाजाने वरून भरायचे.

काटा उतरला, पण पुरेसा नाही.

आधी मला वाटलं काटा अडकला. मी त्याच्या दोरीला टिचकी मारली. हलला, पुन्हा तिथेच. टाकीत डोकावून पाहिलं. काटा खरं बोलत होता. विहिरीने प्यायला हवं होतं त्याच्या निम्मंही प्यायलं नव्हतं. मग उरलेली जागा कशाने भरली? मडने नाही भरली तर खालून येणाऱ्या कुणीतरी भरली. तेवढ्या आवाजात ओरडून उपयोग नसतो, आमच्यात मूठ वर केली की थांबायचं असा रिवाज आहे. मी मूठ वर केली.

खरं सांगतो, त्या क्षणी मला वाटलं की दाजी बघणार, मग विचार करणार, मग पुन्हा बघणार. पण माझा हात खांद्याच्या वर जाण्याआधीच ब्रेक लागलेला होता. त्यांची नजर माझ्यावरच होती. पहिल्या पाइपापासून ते माझ्याकडे बघत होते.

पंप बंद. पुन्हा सगळे तोंडाकडे. चिखल स्थिर दिसत होता. मग कडेने एक बारीक ओघळ सुटला, नळ नीट बंद न केल्यावर येते तशी धार, आणि ती जाड होत चालली.

"बंद करा," मॅडम म्हणाल्या, आणि त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत दाजींनी जबडा मिटवला. धाड्कन आवाज झाला. फ्लोअर हादरला. दाबाच्या घड्याळातला काटा शून्यावरून उठला आणि चढू लागला. पैलवानाचं तोंड पांढरं पडलं होतं. गच्चीवरच्या लोकांना कळलं काहीच नाही, ते बघतच होते. काटा चढत चढत एका जागी थांबला. जबड्याने धरलं होतं.

धरलं म्हणजे सुटलो असं नाही. वायू विहिरीत शिरलेला होता आणि त्याला बाहेर काढल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. खाली तो मूठभर असतो, वर येता येता फुगत जातो, आणि जुनं केसिंग त्या दाबाला किती पुरेल हे कुणालाच ठामपणे सांगता येत नव्हतं. ते एकदा आगीत होरपळून निघालं होतं. फुटलं असतं तर जबडा मिटलेला असून उपयोग नव्हता, वायू कुंपणापलीकडे कुठेही निघाला असता.

मॅडम बारीक तोंडाच्या व्हॉल्व्हवर बसल्या. वायूला तिथूनच थोडा थोडा सोडायचा होता. दाजींनी पंप सांभाळला. पंपाचा वेग हलला तर दाब हलतो, आणि व्हॉल्व्हवरच्या माणसाला काही समजेनासं होतं. दाजींचा हात त्या दांड्यावर असा बसला होता की जणू तिथेच वेल्ड केलाय. मी वजनदार पूड ओतून मड जड करत होतो, पोत्यामागून पोती. घाईत अर्धी पूड अंगावर पडत होती.

"दाब वाढतोय," मॅडम मोठ्याने म्हणाल्या. "पंप तेवढाच ठेवा, दाजी."

"तेवढाच आहे."

"अजून वाढतोय."

"येऊ दे. मी हलत नाही."

मग तो आला. दूरच्या खड्ड्यापर्यंत नेलेल्या नळाच्या टोकाशी आग लावून ठेवलेली होती. तिथे आधी चिखल उडाला, मग फुरफुर झाली आणि ज्वाला उठली, दुमजली घराएवढी. तिचा आवाज छातीत लागत होता. गच्चीवरचे लोक एकदम उठून उभे राहिले. मी दाजींकडे पाहिलं. दादांना नेलं ती हीच आग, याच थराची, आणि ती त्यांच्या डोळ्यांसमोर जळत होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. ते पंपाच्या घड्याळाकडे बघत होते आणि त्यांच्या गालावरून पाणी वाहत होतं. हात हलला नाही.

ज्वाला किती वेळ चालली मला सांगता येणार नाही. मला ती संपणारच नाही असं वाटत होतं. मग ती बसत गेली, लाल झाली, एकदा पुन्हा उसळली आणि विझली. टाकीत परत येणाऱ्या चिखलातले बुडबुडे थांबले. मड जड करून पुन्हा विहीर भरली. बाकीचे पाइप दाजींनी पंप चालू ठेवून ओढले. म्हणजे पाइप निघेल तशी त्याच्याखालची जागा चिखलाने भरत जाते आणि वायूला शिरायला फट मिळत नाही. या वेळी विहिरीने नीट प्यायलं.

गन बाहेर आली आणि मॅडम तिच्यापाशी उकिडव्या बसल्या. तिच्या अंगावर चहूबाजूंनी घासल्याचे लख्ख पट्टे होते. मॅडमनी विहिरीचा जुना नकाशा मागवला, माप घेणारं यंत्र आत सोडलं, आणि संध्याकाळी आम्हाला केबिनमध्ये बोलावलं. लोखंडी केबिन, एक टेबल, दोन खुर्च्या, गार झालेला चहा.

"त्या थरासमोर जाड अंगाचा पाइप बसवलेला आहे," त्या म्हणाल्या. "बाहेरून बाकीच्यांसारखाच, आतून अरुंद. नकाशात आहे, पण मी गनसाठी बाकीच्या केसिंगचं माप धरलं. ही चूक माझी, आणि मी ती लिहून देणार आहे. त्या अरुंद पाइपात ही गन म्हणजे इंजेक्शनचा दट्ट्या झाली. कितीही हळू ओढली तरी ती खालचा वायू ओढूनच आणणार."

"तो पाइप कधीचा?" दाजींनी विचारलं.

"विहीर झाली तेव्हापासूनचा."

"आणि मागच्या वेळची गन?"

"याच मापाची." मॅडम थांबल्या. आमच्या तोंडावरून त्यांना काहीतरी समजलं असावं. "तुम्ही तेव्हा होतात का इथे?"

"फ्लोअरवर होतो. ब्रेकवर माझा भाऊ होता."

मॅडम उठून उभ्या राहिल्या. "मी सकाळी सगळ्यांसमोर जे बोलले, ते उद्या सगळ्यांसमोर मागे घेते," त्या म्हणाल्या. "त्यांनी हळू ओढलं असतं तरी हेच झालं असतं."

"हळूच ओढत होता," दाजी म्हणाले.

मी त्यांच्याकडे बघितलं. ते टेबलाकडे बघून बोलत होते. "ड्रिलर घाई करतो तेव्हा खालच्या माणसाची त्रेधा उडते. एक पाइप सोडवतोय तोवर दुसरा डोक्यावर. त्या दिवशी मला घाम पुसायला वेळ मिळत होता. पाण्याचा घोट घ्यायला मिळत होता."

"मग तुम्ही तसं सांगितलं का नाही?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता.

"पाइप कसे ओढत होता असं विचारलंच नाही त्यांनी. घाईत होता का, असं विचारलं. घाईत होताच. पोराला ताप होता, सकाळपासून तेच चाललं होतं त्याचं, गन वर आली की निघतो म्हणून. मी हो म्हणालो. मग त्यांनी सांगितलं की घाईने ओढल्यामुळे झालं, आणि मी ते मानलं. मला वाटलं, मोठी माणसं बघून आलीत, तसंच असणार."

मला इतका राग आला की खुर्ची उचलून भिंतीवर मारावी. त्या चौकशीवाल्यांचा आला, एक शब्द विचारून, एक शब्द घेऊन घरी गेलेल्यांचा. आणि दाजींचाही आला. एवढा मोजूनमापून चालणारा माणूस, आणि नेमकं तेवढं एक उत्तर त्याने चटकन दिलं.

घरी निघालो. दाजी म्हणाले, "मेव्हणे, आत चला माझ्याबरोबर." वर नाही, खालच्या खोलीत. आजवर मी त्यांना त्या दाराशी थबकताना पाहिलं होतं, आत जाताना नाही.

वहिनी मशीनवर होत्या. खोलीभर निळ्या कापडाचे तुकडे पडलेले. आम्हाला पाहून त्यांनी पायडल थांबवलं. दाजी उभेच राहिले. मी हलक्या हाताने एक स्टूल पुढे सरकवलं, त्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

"वहिनी, आज मी हळू ओढलं," ते म्हणाले. "तरी वायू आला. तिथला पाइपच अरुंद आहे. दादाची चूक नव्हती."

हातातलं कापड वहिनींनी मशीनवर ठेवलं.

"मला विचारलं होतं घाईत होता का, मी हो म्हणालो. तो..."

"होतेच की घाईत," वहिनी म्हणाल्या. "बाळ तापाने फणफणलं होतं. निघताना डबा विसरले, अर्ध्या रस्त्यातून परत आले. पण ती घाई रिगच्या फाटकापर्यंत, भावोजी. ब्रेकला हात लावला की त्यांना कुणी हाका मारून थकलं तरी ते ढिम्म. तुम्हाला काय हे मी सांगायचं? तुम्ही त्यांच्याच हाताखाली काम शिकलात. हे जे सगळे तुम्हाला संथ संथ म्हणून हसतात, तो संथपणा तुम्ही कुणाचा बघून उचललात?"

दाजी स्टुलावर बसले.

आम्हाला वाटत होतं, भावासारखं होऊ नये म्हणून दाजी असे झाले. दाजींनाही तेच वाटत होतं. आणि इतकी वर्षं त्या ब्रेकवर त्यांच्या हातातून दादाच पाइप ओढत होते.

"हे मी तेव्हा सांगितलं असतं," वहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज आता कापत होता, रागाने. "कुणीही विचारलं असतं तरी सांगितलं असतं. पण मला कुणी विचारलं नाही. तुम्हीसुद्धा नाही. एकाच घरात राहून."

"नाही विचारलं," दाजी म्हणाले. "चुकलं माझं, वहिनी." आणि ते रडायला लागले, पोरासारखे, तोंड न झाकता. जिन्यावर ताईची चाहूल लागली आणि तिथेच थांबली.

वहिनींनी त्यांना रडू दिलं. उगी म्हणाल्या नाहीत, जवळ आल्या नाहीत. पदराने स्वतःचे डोळे पुसले, मशीनवरचं कापड उचलून बाजूला ठेवलं आणि तिथली जागा मोकळी केली.

"मला सांगून झालं," त्या म्हणाल्या. "आता त्याला सांगा. तो या वेळी घरी असतो."

दाजींनी खिशातून फोन काढला, आणि नुसता हातात धरून बसले. मला वाटलं, आता हे विचार करत बसणार. तसं नव्हतं. पुतण्याचा नंबर त्यांच्याकडे नव्हताच. वहिनींनी एकेक आकडा सांगितला आणि दाजींनी तो दाबला.